वाचनालयासमोरच्या झाडाचा वाकडा काप

पुरवणी जबाब

मी, सोमवारच्या तक्रारीतील तक्रारदार, वय २३ वर्षे, शिक्षण पदवीधर, धंदा वडिलांच्या जळाऊ लाकडाच्या वखारीत काम (हवालदारांनी आधी 'घरकाम' लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले), राहणार वखारीच्या मागील दोन खोल्या, आज गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी आई-वडिलांसह राहते. वडील तीस वर्षांपासून लाकूड कापून, फोडून विकतात. आधी कुऱ्हाड आणि हातकरवत होती, गेली बारा वर्षे चेनसॉ आहे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे वाक्य तपासाशी संबंधित नाही असे हवालदारांचे म्हणणे पडले. माझ्या मते आहे, म्हणून ते राहू दिले आहे.

वाचनालयासमोरच्या जुन्या झाडाच्या मुळांनी कुंपणाच्या भिंतीला भेग पडली होती. वाचनालयाच्या चिटणीसांनी झाड तोडण्याची परवानगी दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा ती नाकारली गेली. तरीही झाड जाणार अशी कुणकुण लागल्याने मी गेल्या रविवारी दुपारी बारा ते दोन शाळेच्या सभागृहात झाड वाचवण्यासाठी सभा ठेवली. वाचनालयाच्या गल्लीतील प्रत्येक घरी मी दोन-दोन वेळा जाऊन सांगून आले होते. हजेरीच्या कागदावर त्रेपन्न सह्या आहेत. गल्लीतील एकही माणूस मागे राहिला नव्हता. कोपऱ्यावरच्या घरातील आजोबांना चालता येत नाही, त्यांना आम्ही खुर्चीसकट उचलून आणले. माझे भाषण चाळीस मिनिटे चालले.

झाड त्याच दोन तासांत कापले गेले. मशीनचा आवाज ऐकायला गल्लीत कोणी नव्हते. सभेची वेळ मी आठवडाभर आधी घरी जेवताना सांगितली होती आणि वडिलांनाही या म्हटले होते. त्यांनी मला दुपारी काम आहे, एवढेच सांगितले.

सोमवारी सकाळी मी तक्रार दिली. 'झाड पडले' असे लिहून मोकळे होऊ, असे हवालदारांनी सुचवले. मी 'कापले' असाच शब्द हवा म्हणून दीड तास बसले. त्यानंतर जागेचा पंचनामा झाला. उरलेल्या खुंटावरचा काप सुरुवातीला सरळ जाऊन पुढे उजवीकडे वळत गेलेला होता, शेवटी चांगला चार बोटे खाली उतरला होता. हवालदार हसले. ते म्हणाले, "ताई, हा तुझ्या बाबांचा काप नाही, एवढं मी डोळे मिटून सांगतो. त्यांनी कापलेला ओंडका म्हणजे चाकूनं कापलेला साबण. हे कोणातरी शिकाऊचं काम आहे."

मंगळवारी संध्याकाळी 'व्हिडिओ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इसमाला ठाण्यात आणण्यात आले. त्यांचे वय अंदाजे चाळीस. पूर्वी ते टेम्पो चालवत. मागच्या वर्षी त्यांनी चेनसॉ घेतली आणि फोनवर पाहून लाकूड कापायला शिकले, म्हणून हे नाव पडले. रविवारी दुपारी आपण गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या घरी झोपलो होतो असे ते सांगतात. त्याला साक्षीदार नाही, कारण त्यांच्या पत्नी माझ्या सभेला आल्या होत्या. मंगळवारी मला विचारले तेव्हा मी या इसमाला झाडांबद्दल काडीचीही आस्था नाही, असे सांगितले. ते मी नाकारत नाही. ते अजून आतल्या बाकावर बसून आहेत व त्यांचे मशीन जप्त आहे.

मंगळवारीच दुपारी मला वाचनालयात सहायक म्हणून नेमणुकीचे पत्र मिळाले. अर्जासोबत मी वाचनाचे महत्त्व या विषयावर चार पाने जोडली होती. ती वाचली गेली असे मला वाटले. आईने पत्र शेजारी चार घरांत दाखवले. वडिलांनी ते हात पुसून हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि फडताळात वरच्या कप्प्यात ठेवले.

बुधवारी सकाळी मी निषेधाच्या फलकासाठी खुंटाचे फोटो काढायला गेले. तेव्हा खाली पडलेल्या भुशाकडे प्रथमच नीट पाहिले. चेनसॉच्या साखळीला धार असेल तर लाकडाच्या लांब, जाडसर ढलप्या पडतात. धार गेली असेल तर पिठासारखा चुरा पडतो आणि लाकूड जळल्याचा वास येतो. व्हिडिओ यांच्याकडे धार लावायची गोल कानस नाही. साखळी बोथट झाली की ते अंगाचा भार टाकून मशीन रेटतात. त्यांचे लाकूड आधी भाजून मग कापले जाते, अशी त्यांची चेष्टा होते. खुंटाभोवती मात्र सगळ्या लांब ढलप्या होत्या. चुरा मुळीच नव्हता. म्हणजे साखळीला उत्तम धार होती आणि तरी काप वाकडा गेला होता.

याचे कारण मला माहीत आहे, ते असे. साखळीवर एक दात डावीकडे, एक उजवीकडे असे आळीपाळीने असतात. गोल कानशीने प्रत्येक दात सारख्याच वेळा आणि सारख्याच जोराने घासावा लागतो. एका बाजूचे दात लांब राहिले तर मशीन त्या बाजूला ओढले जाते. बारीक फांदीत कळत नाही, जाड बुंध्यात काप कमानीसारखा वळतो. वडिलांना जवळचे नीट दिसेनासे झाल्यापासून, म्हणजे दोन महिन्यांपासून, आमच्या साखळीला धार मी लावते. मशीनसोबत आलेली पुस्तिका मी पूर्ण वाचली आहे. प्रत्येक दाताला तीन वेळा कानस असा नियम मी स्वतः पाळते आणि मोजते. मोजणीत माझी चूक नाही. परंतु उजवीकडचे दात घासताना माझा हात उलटा पडतो आणि जोर कमी लागतो, हे पुस्तिकेत नव्हते.

बुधवारी दुपारी मी आमच्या मशीनची साखळी उतरवून पट्टीने दात मोजले. उजवीकडचे सगळे दात डावीकडच्यांपेक्षा एक ते दीड मिलिमीटर लांब भरले. साखळी परत चढवून लाकूड कापायच्या घोडीवर एक जाड ओंडका ठेवला आणि कापला. तो खुंटासारखाच उजवीकडे वळला. ओंडक्याचे दोन्ही तुकडे सोबत आणले आहेत.

त्यानंतर मी वडिलांना विचारले. ते लाकडे रचत होते. त्यांनी नाकारले नाही. चिटणीस दोनदा वखारीत येऊन गेले होते, असे त्यांनी सांगितले. "मी त्याला म्हटलं, पोरीच्या अर्जात काही कमी आहे का? तो म्हणाला, अर्ज चांगलाच आहे, पण झाड उभं आहे." वडिलांचे हे शब्द मी जसेच्या तसे सांगत आहे. सभेमुळे गल्ली रिकामी असणार हे चिटणीसांना वडिलांकडून कळले की वडिलांना चिटणीसांकडून, हे मी विचारले नाही.

साखळी एका बाजूला ओढते हे त्यांच्या लक्षात कसे आले नाही, असे मी विचारले. ते लाकडे रचत राहिले. आई आतून म्हणाली की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दोन महिने ते मनगट उलटे पिळून काप सरळ ठेवत होते आणि संध्याकाळी तिच्याकडून मनगटाला तेल चोळून घेत होते. एवढ्या जाड बुंध्यात मनगट पुरले नाही. मग मला सांगितले का नाही, असे मी म्हटले. आई म्हणाली, "तुला काही सांगायला गेलं की तू पुस्तक पुढे करतेस. आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगतात, आमच्या मशीनला आमची पदवीधर धार लावते. मग कोणत्या तोंडानं सांगणार?"

सोमवारपासून चहाच्या टपरीवर त्या कापाची थट्टा चालू आहे. कापणारा बहुधा एका हातात चहाचा ग्लास धरून कापत असावा, असे तेथे म्हणतात. वडील रोज तेथे उभे राहून चहा पितात.

व्हिडिओ यांचा या घटनेशी संबंध नाही. जप्त मशीनची साखळी तपासावी म्हणजे खात्री पटेल. त्यांना सोडावे व मंगळवारचे माझे बोलणे मागे घेतले असे धरावे. नेमणुकीचे पत्र मी या जबाबासोबत जमा करत आहे. मी तेथे रुजू होणार नाही. आमचे मशीन वडिलांनी स्वतः खांद्यावर घेऊन ठाण्यात आणले आहे. घरापासून ठाण्यापर्यंत आम्ही चालत आलो, ते पुढे होते. मशीन गेल्यास वखार कशी चालेल, असे हवालदारांनी विचारले.

तपासाला मदत व्हावी म्हणून हे सांगितले आहे. कोणाच्या दबावाखाली सांगितलेले नाही. उलट सांगू नये म्हणून हवालदारांनी दोनदा चहा मागवला.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा वडील दाराजवळच्या बाकावर होते. साखळीच्या परिच्छेदापर्यंत ते खाली पाहत ऐकत होते. तेथे ते उठून टेबलापाशी आले व हवालदारांना म्हणाले, "झाड मी कापलं ते लिहा. पण धारेचं तेवढं खोडा. धार चांगली होती. माझाच हात वाकडा गेला." मी खोडू दिले नाही. दोघांपैकी कोणाचे खरे धरायचे, असे हवालदारांनी विचारले. वडिलांनी त्यांचे म्हणणे त्यांच्या जबाबात द्यावे. माझ्या जबाबात दोष धारेचा आहे आणि धार माझी आहे. तो मी सांगितला तसाच, न खोडता लिहिला असल्याची खात्री करून सही करत आहे.