डाव्या कानातले बाबा

...अन् वरून म्हणते काय, "घरात पडलीच आहे ना बाबांची मशीन, तीच लावा!" बाबा म्हणजे माझे वडील, बाबाराव. त्यांले जाऊन वर्ष होत आलं. अन् माझी बायको पद्मिनी, जी शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्यासमोर पदर घेतल्याशिवाय गेली नाही, ती कपाटातून त्यांची कानाची मशीन काढते अन् माझ्यापुढे ठेवते, जशी काही छत्री आहे. बाप गेला, आता पोरानं वापरावी. अहो, पण बहिरा नाही मी. तुमाले आधीच सांगून ठेवतो.

इथं रायपूरजवळ उरल्याले लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये डिस्पॅचले आहे मी. सळ्या कापून राहिल्या, ट्रक मागं घेऊन राहिले, भट्टी धडधडून राहिली, अन् त्या कल्लोळात ड्रायव्हर काय म्हणते ते मले सगळं समजते. छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून तर रायपुरात जिकडे पाहा तिकडे खोदकाम, ड्रिल, मिक्सर... लोक वैतागतात, मले बरं वाटते. पण चौबे कॉलोनीत घरी आलो, सगळं शांत झालं, की संपलं! बायकोचं तोंड हलून राहिलं, आवाज नाही. ती म्हणे, "मिलमध्ये ऐकू येते, अन् माझंच काहून येत नाही?" आता सांगा, याचं उत्तर कोणता नवरा देईल?

डॉक्टरनं दिलं. "कान के परदे के पीछे चावल के दाने जैसी हड्डी है, वो जाम हो गई." गोंगाटात लोक ओरडून बोलतात, म्हणून मिलमध्ये ऐकू येते. "खानदान में किसी को था?" होतं ना, बाबांले. मग त्यानं दोन रस्ते सांगितले. मशीन लावली तर ती आवाज मोठा करून आत ढकलते, दाणा जामचा जामच राहते. ऑपरेशन केलं तर दाण्याच्या जागी बारीकसा पिस्टन बसवतात, बहुतेकांचं बरं होते, एखाद्याचा मात्र कान पुराच जाते. "पहले दायाँ करेंगे, वो ज़्यादा खराब है. बायाँ बाद में."

पुराच जाते म्हटल्यावर ऑपरेशनले मी नाही म्हटलं. म्हणून मशीन. जुनी, खिशात ठेवायची डबी, आवाजाचं एक चाक, एक वायर, अन् तिच्या टोकाले बाबांच्या डाव्या कानाच्या मापाचा साचा. म्हटलं, दुसऱ्याच्या कानाचं माप आपल्याले कसं बसंल? पण असा बसला हो... जसा घरी आला.

पहिले काय ऐकू आलं? श्वास. छातीजवळ कोणीतरी सावकाश श्वास घेऊन राहिलं. पद्मिनी म्हणे, "शर्ट घासते डबीवर." असंल. मग एका दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, कॉलोनी चूप. अन् कानात आधी खोकला, बोलण्याच्या आधी बाबा खोकलत तसा बारीक, अन् मग माझं नाव घेऊन, "अच्युत, नळ."

मागं जाऊन पाहतो तर नळ चालू, बादली भरून वाहून राहिली!

पद्मिनीले सांगितलं, तर ती म्हणते, "तुम्हीच तर बोलले."

"मी?"

"आत्ता. 'अच्युत, नळ.' मले वाटलं, बाबांची नक्कल करून राहिले."

आपलाच आवाज मशीनमधून आपल्याले वेगळा वाटते म्हणतात. मानलं. पण हात? साळा आला, श्यामराव, अन् नव्या रायपूरचे प्लॉट सांगत बसला. एकदम आवाज बंद. सेल गेला म्हणून पाहतो तर माझाच हात खिशात, चाक शून्यावर! बाबा असंच करत. पाहुणा लांबला की हात खिशात, दुकान बंद. आमची पोट्टी, एकुलती पोरगी, दुरून पाहून राहिली होती. "पापा, आप बिलकुल आजोबा जैसे कर रहे हो." अन् त्या दिवसापासून ती माझ्याजवळ बसायची बंद झाली. बहिरा नाही हो मी, पण हे कोणाले सांगावं?

तरी मी मशीन काढली नाही. काहून काढू? बापाचा आवाज होता तो. पण एकदा पद्मिनीनं स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, "अहो, ऐकता का?" मी ओ द्यायले तोंड उघडलं, अन् तोंडातून निघालं, "तो उरल्याले गेला, सूनबाई."

तिच्या हातातलं ताट पडलं. अन् रिकामा झालेला हात, तुमाले सांगतो, आपोआप पदराकडे गेला.

मले भेव वाटलं. बाबांचं नाही हो, स्वतःचं. मी उरल्याले गेलो, तर इथं खुर्चीवर कोण बसून राहिलं? दुसऱ्याच दिवशी डॉक्टरले म्हटलं, करा ऑपरेशन!

मशीन कपाटात टाकली, कुलूप लावलं, अन् गेलो. फक्त कान बधिर करतात, माणूस जागाच राहते. डोक्याच्या आत कोणीतरी भांडं खरवडून राहिलं. मग एकाएकी... एसीची घरघर! नर्सच्या बांगड्या! डॉक्टरचा श्वास! "सुनाई दे रहा है?" मी म्हटलं, हव, हव, अन् माझे डोळे भरून आले. किती दिवसांनी जग माझ्याशी हळू आवाजात बोललं.

अन् तेवढ्यात डाव्या बाजूनं, जिथं मशीन नाही, काहीच नाही, बारीक खोकला.

"झालं का रे?"

आता उजवा कान फस्क्लास आहे. पोट्टी कुजबुजली तरी समजते, जवळ बसायले लागली, पण उजवीकडेच. परवा तपासायले गेलो, पद्मिनी सोबत होती. डॉक्टर म्हणे, "दूसरा कान कब करना है?" मी पुढच्या महिन्याचं सांगायले तोंड उघडलं, अन् आधी खोकला आला.

"तो राहू द्या, डॉक्टर. या वयात मी दुसरं घर कुठं पाहू?"

डॉक्टर हसले. त्यांले वाटलं, पेशंट गमतीदार आहे. पद्मिनी हसली नाही. तिनं गुपचूप पदर घेतला.

तेव्हापासून घरात हेच चालू आहे. उजवीकडून आली तर कटकट करते, डावीकडून आली तर डोक्यावर पदर अन् खाली मान. बहिरा नाही हो मी. फक्त बायकोसाठी अर्धा नवरा अन् अर्धा सासरा होऊन बसलो.