हीटरजवळच्या कुंड्या

हॅलो?… हॅलो, कोण? मैत्री? जयभीम, जयभीम. अगं, या वेळेला कसा फोन केलास? दिवसभर मीटिंग आहे म्हणाली होतीस ना… बरं, जेवणाची सुट्टी. तिथं शिकागोला बर्फ पडला का?… इथं नाही. पार्सिपनीत सकाळपासून नुसतं काळोखून राहिलंय. बर्फ तरी पडावा नाहीतर ऊन तरी, यांचं धड काहीच नाही… हो, अनिका गेली शाळेत. भूषणही डबा घेऊन गेला. मी तुझी सासू एकटी घरात, तुझ्या घराची राखण करते. कुकर लावलाय…

काय?… कोणत्या कुंड्या?

तुला कुणी सांगितलं?… कॅमेऱ्यात? गॅरेजमध्येही कॅमेरा लावलाय का तुम्ही?… अगं, मी तिथं साडीवर भूषणचं जाकीट घालून आणि डोक्याला मफलर बांधून गेले होते. तेही दिसलं का तुला? ऑफिसातल्या कुणी नाही ना पाहिलं?… हसत नाहीयेस? मग आवाज असा का?

हो, मीच आणल्या घरात. सोमवारी, तू गेलीस त्याच दिवशी. तांदळाची बॅग उघडायला गेले, तर तिथं कोपऱ्यात, खालच्या फळीवर, या कुंड्या. वरून उलटं खोकं झाकलेलं. अंधार, गारठा, माती कोरडी. मी म्हटलं, पोरगी विसरली. तुझ्या मागं काय कमी आहे, ऑफिस, पोरीचा डान्स क्लास, माझे गुडघे… नाही विसरलीस?… मुद्दाम ठेवल्या?

अगं ऐक ना, जित्या झाडाला मुद्दाम अंधारात कोण ठेवतं?

कुठं म्हणजे? हॉलमध्ये, हीटरच्या जाळीजवळ. छान गरम हवा येते तिथं, मी स्वतः तिथंच बसते पाय शेकत… हो, ओळीनं मांडल्यात. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते… कोमट… हो, कोमटच. या थंडीत गार पाणी घालू का त्यांच्या डोक्यावर?

मैत्री?… हॅलो? ऐकू येतंय ना?… मग बोल ना. भांडायचं तर भांड, मला चालतं.

थांब, शिट्टी झाली. शेगडी बारीक करते… हं. बोल.

परत गॅरेजमध्ये? आत्ता?… अगं, पण कोंब आलेत त्यांना… केवढे म्हणजे… थांब, चष्मा कुठं ठेवला… हं. बोटाच्या पेराएवढे असतील. सगळ्यांना नाही, दोन कुंड्यांत. पिवळट दिसतात जरा, दुखण्यातून उठलेल्या माणसासारखे… नाही, कळीबिळी काही दिसत नाही, नुसतं पान. एकीत तर तेही नाही. अनिका म्हणत होती, आजी, दे आर स्लीपिंग. मी म्हटलं, झोपले असतील तर आपण उठवू, आठवडाभर कुणी झोपतं का… तिला माहीत होतं?… तिला बोलू नको म्हणून सांगितलं होतंस? कमाल आहे तुमची. पोरगी बिचारी तेवढंच बोलली आणि गप्प बसली.

हं… हं… थंडी लागते?… आधी थंडी मिळाली नाही तर फूल धरतच नाही?… नुसतं पान वाढतं?… नाही, खोटं कशाला म्हणू, तू वाचूनच केलं असशील. तू तर मीठसुद्धा वाचून घालतेस…

म्हणजे हरभऱ्यासारखं.

अगं, माझ्या माहेरी हरभरा असायचा ना. डिसेंबरात थंडी पडली नाही की झाड हे एवढं वाढायचं, हिरवंगार, बघत राहावं असं, आणि घाटे मात्र धरायचे नाहीत. बाबा म्हणायचे, हरभरा माजला यंदा… हो, तसंच. मग असं आधी सांगायचं ना मला. हे फुलांचे कांदे हरभऱ्याच्या स्वभावाचे आहेत हे मला काय स्वप्नात दिसणार?

बरं, ठेवते परत, ठेवते. पण एक सांग. बाहेर अंगणात तर मी लावलेच आहेत की. ऑक्टोबरात, आले त्याच आठवड्यात, कंबर मोडून. खारींनी उकरू नये म्हणून वरून भिवापुरी तिखट टाकलं, भूषण ओरडला, आई, ते खायला आणलंय… हो, आणि खारी फिरकल्या का? नाही फिरकल्या. ते सगळे थंडीतच आहेत, जमिनीत. मग या कुंड्या वेगळ्या कशाला? आणि माझ्यापासून लपवून?

काही नाही कसं? काही नाही म्हणून कुणी जेवण सोडून शिकागोहून फोन करतं का?… मैत्री… मी भूषण नाही, 'नथिंग' म्हटलं की पुढं न विचारायला. सांग.

हं.

माझ्यासाठी?

सावकाश सांग, तुझा आवाज तुटतोय… थंडी पुरी होऊ द्यायची… हं… जानेवारी संपता संपता घरात घ्यायच्या… म्हणजे मार्चमध्ये फुलं. मी जायच्या आत… हो ना. बाहेरची एप्रिलात येतात, आणि मी मार्चच्या शेवटी विमानात. लावायची मी आणि बघायची तुम्ही. मला आपले फोटो येतात, या बाजूनं, त्या बाजूनं, अनिका मध्ये उभी. मी नागपुरात सगळ्या बायकांना दाखवते, हे मी लावलं म्हणून. त्या विचारतात, वास कसा आहे हो? मी काय सांगणार? मी कधी घेतलाय का वास?

आता माझं ऐक… नाही, आधी माझं ऐक, मग सॉरी म्हण. आणि तू कशाला सॉरी म्हणून राहिली? मी तुला मघाशी अर्धंच सांगितलं. दया आली हे खरं. पण हीटरजवळ मी त्या दयेनं नाही ठेवल्या. मला वाटलं, ऊब मिळाली की लवकर फुलतील. मी जायच्या आत… मला बघायची होती गं. फोटोत नाही, समोर… हो, तेच. तू थंडीत ठेवून जे करत होतीस, तेच मी गरम करून करायला गेले. एका घरात राहतो आपण, एकमेकींना विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?… बरं, मी विचारायला हवं होतं. आणि तू सांगायला हवं होतं. फिटंफाट.

यंदा एवढी घाई का? अगं… आता तुला सांगून टाकते. पुढच्या वर्षी माझं येणं होईल असं मला वाटत नाही… नाही, भूषणला नाही बोलले… रागावले कशाला असेन, तुमच्यावर काय रागवायचं? गुडघे, बाई. दुसरं काही नाही. येताना दिल्लीला विमान बदललं ना, तेव्हा व्हीलचेअर येईपर्यंत मी भिंतीला धरून उभी होते. माणसं दोन्ही बाजूंनी पळत होती. मला तिथं रडू आलं. इथं उतरल्यावर तुम्ही विचारलंत, प्रवास कसा झाला, मी म्हटलं, मस्त… आता सांगतेय ना. तेव्हा सांगितलं असतं तर भूषणनं दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं उभं केलं असतं मला.

रडू नको. ऑफिसात आहेस ना? लोकांना वाटेल हिला कामावरून काढलं… हं. पूस डोळे. पाणी पी.

चल, आधी या कुंड्या नेऊ. तुला स्पीकरवर टाकते, जाकिटाच्या खिशात ठेवते… येतोय आवाज?… ही पहिली… अगं बाई, पाणी पिऊन जड झालीय किती… नाही, एकदम नाही नेत, एकेक नेते. तू बोलत राहा… दार उघडलं. हो, गार आहे इथं, चांगलं गार आहे. आता मला त्याचं कौतुक वाटतंय… हो, मफलर बांधलाय. दिसतेय ना मी? हा बघ हात… दिसला? बरं. कुठं ठेवू, खालीच?… आणखी आत… भिंतीला लावून… आता?… वाकता येतंय, काळजी करू नको, फळीला धरलंय.

ही दुसरी. हिच्यात काय आहे?… ट्युलिप. हिचेही कोंब वर आलेत… हं, हळू ठेवते… आणि ही तिसरी, हिच्यातलं काहीच उठलं नाही. हिला माझ्या पाण्याचा काही फरक पडला नाही, हुशार आहे… निळी? ती बारकी, द्राक्षाच्या घोसासारखी? ती मला फार आवडली होती फोटोत… म्हणूनच आणलीस? बरं… झालं, सगळ्या आल्या. खोकं घालू वरून?… उलटं… घातलं. पाणी नाही घालायचं. नाही घालत, शप्पथ.

आता खरं सांग. येतील का?… मन राखायला बोलू नको, खरं सांग… हं. निळी कदाचित… ट्युलिपचं सांगता येत नाही… कळी आतल्या आत वाळते? बाहेरून कळतही नाही?

वाईट वाटलं गं मला. तू ऑक्टोबरपासून जपलंस, मला पत्ता लागू दिला नाहीस, आणि मी चार दिवसांत… नाही, बोलू दे. मला वाटतं ते बोलू दे. माझ्यासाठी असं कुणी केलं नव्हतं. मीच करत आले सगळ्यांसाठी, त्यामुळं कुणी केलं तर मला ओळखूही येत नाही.

काय?… नको, ते नको. तू दर वर्षी म्हणतेस आणि मी दर वर्षी नाही म्हणते… माहीत आहे मला, व्हिसावर वीस एप्रिलपर्यंत राहता येतं. प्रश्न तो नाहीच. मध्ये चौदा तारीख येते ना. लग्न होऊन त्या वस्तीत आले तेव्हापासून बाबासाहेबांच्या जयंतीला मी आपल्या विहारात नाही, असं एकदाही झालेलं नाही. तुझे सासरे गेले त्या वर्षीही गेले होते. पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं उभी राहते, माईक माझ्या हातात देतात, वंदना मी सुरू केली की मग बाकीच्या. ते सोडून इथं कशी राहू?

बरं?… बरं म्हणजे? लगेच ऐकलंस?… नाही, भांडायला नाही पाहिजे मला. पण नेहमी दोन-चारदा तरी म्हणतेस.

थांब जरा. बसते इथंच पायरीवर… नाही लागत थंडी.

मैत्री, चौदा तारखेला तुम्ही इथं काय करता?… आयसेलिनला हॉल घेता… जवळचा रविवार बघून… हं… जेवण असतं. पोरांची भाषणं, इंग्लिशमध्ये. आणि वंदना कोण म्हणतं?… मोबाईलवर लावता?… स्पीकरला जोडून. आणि सगळे नुसते हात जोडून उभे?… नाही, चूक नाही म्हणत मी. तुम्ही एवढ्या लांब येऊनही करता, ते थोडं नाही. पण मोबाईल कधी श्वास घ्यायला थांबत नाही, बाई. त्याच्या मागं पोरं कशी म्हणणार?… अनिकाला येते का?… अर्धी. अर्धी येते म्हणजे उरलेली शिकवता येईल. संध्याकाळी मी रिकामीच असते.

आणि अंगणातली तोवर येतील?… पिवळी फुलं पहिल्या आठवड्यात… नक्की? थंडी कमी पडली तरी?… ट्युलिप पंधरा-सोळा तारखेला, जमलं तर. जमलं नाही तर नाही. पिवळी तर येतील. ती जमिनीत आहेत, मला उचलून हीटरजवळ नेता यायची नाहीत.

मग बदल तिकीट.

हो, मीच म्हणतेय… शुद्धीवर आहे… एकोणीस तारखेचं बघ. दिल्लीला व्हीलचेअर सांगून ठेव, आधीपासून, लेखी… नागपूरला मी कळवते आज. बायकांना वाईट वाटेल, मलाही वाटेल. चौदा तारखेला सकाळी माझा जीव तिकडं ओढेल बघ. त्या दिवशी सुट्टी घे आणि घरी थांब माझ्याजवळ… घेशील? बरं.

जा आता, मीटिंगला जा, तोंड धुऊन जा… आणि ऐक, भूषणला मी सांगते, तू सांगू नको. तू सांगितलंस तर तो म्हणेल, तू आईला अडवलंस. मला कुणी अडवलेलं नाही. मी माझ्या मनानं राहतेय… हो… ठेव आता… तू ठेव आधी… बरं, मीच ठेवते. जयभीम.