तोफेनं उडवलेली सोयरीक

आमच्या बाबांनी ताईची सोयरीक कशी उडवली, ते ऐका. ताईले पाहायले कुम्हारी गावचा पोरगा आईसोबत आमच्या रिसालीच्या घरी आला. बसल्याबरोबर मोबाइलवर तोफेचा गेम सुरू. बाबा तडकले, "पोरगी पाहायले आला अन् लेकरावानी खेळून राहिला?"

"काका, याले अक्कल लागते. गोळ्याचं वजन, वारा, सगळं पाहा लागते."

स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या माणसाले अक्कल शिकवते! बाबांनी मोबाइल हिसकला. पहिला गोळा समुद्रात गेला, दुसरा आपल्याच जहाजावर. तिसऱ्यानं दुश्मनाच्या किल्ल्याचा बुरूज असा हळूहळू कलंडला, की बाबा सोफ्यावरून उठून ओरडले, "पाडला रे!"

ताई पोहे घेऊन समोर उभी. दोघांची मान काही वर होईना.

पोराच्या आईनं त्याले कोपर मारलं. "अरे, मुलगी कशी वाटली?"

"काका, आता दुसऱ्या बुरजाच्या पायथ्याले मारा," पोरगा म्हणाला.

ताईनं ट्रे आदळला. "बाबा, इतका पसंत असेल तर तुम्हीच करा लग्न!"

लग्न काही जमलं नाही. पोरगा मात्र अजूनही दर रविवारी येते, बाबांसोबत खेळाले. दारातूनच आवाज देते, "ताई, चहा टाका ना!"