गिरणीतला संप आणि एसीचा रिमोट

नाही, पण मला सांगा, कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं हे, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिका दोन मास्तरांनी, एका खोलीत, एकाच तासाला शिकवायची? एक इतिहासाचा, एक साहित्याचा! अहो, एका घरात दोन बाप ठेवून बघा, पोरं कुणाचं ऐकतील? वेगळं शिकवा म्हणत होतो मी! पण ऐकतंय कोण! मस्कतमधल्या अल् खुवैरची आमची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची, प्रिन्सिपल बाई गोऱ्या, त्या सुट्टीत कुठलंसं वर्कशॉप करून आल्या आणि बोटांत बोटं गुंफून मला म्हणाल्या, "भानूडास, हिस्टरी अँड लिटरेचर, लाइक धिस!" मी म्हटलं, यस मॅम. दुसरं काय म्हणणार? माझा करार मार्चमध्ये संपतोय. करार गेला की व्हिसा गेला, व्हिसा गेला की सीबचा फ्लॅट गेला, आणि आमची श्वेता यंदा अकरावीत! बारावीच्या तोंडावर पोरीला उचलून कुठे नेऊ? आमच्या सौभाग्यवती, ललिताबाई, तर रोज सकाळी डबा हातात देताना एकच सांगतात, "कुणाशी भांडू नका हं." जसा काही मी हातात तलवार घेऊनच निघतो!

आणि जोडीला दिला कोण? प्रताप! कोल्हापूरचा, इतिहासाचा. माणूस वाईट नाही हो, सीबहून रोज माझ्याच गाडीत येतो, येताना पुरी-भाजी आणतो... पण वर्गात शिरला की फौजदार! मी पोरांना एक कादंबरी शिकवत होतो. अमेरिकेतली कापडगिरणी, कामगारांचा संप, बाहेर बर्फ पडतंय, मालकाचे रखवालदार लाठ्या घेऊन येतात आणि एक बाई बर्फात कोसळते. मी वाचतोय आणि मागून हा, "बर्फ कशावरून?" म्हटलं, म्हणजे? "त्या आठवड्यात बर्फ पडल्याची नोंद आहे का? आणि पहिला दगड कुणी मारला? कामगारांनी का रखवालदारांनी? तुझा कादंबरीकार काय पंचनामा करायला गेला होता?" सांगा, असं कुणी बोलतं? बाई मरतेय तिथं आणि हा हवामानखातं काढून बसलाय! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात शिवशिवला. वेगळं शिकवा म्हणत होतो मी!

मग प्रिन्सिपल बाईंना सुचलं, करून दाखवा! मुलांना जगू द्या ती हिस्टरी! झालं. बावीस पोरं. अकरा कामगार, अकरा रखवालदार. आता गिरणीचा आवाज कुठून आणायचा? यंत्रांचा खडखडाट हवा ना! आणि इथं माझी अक्कल गेली चरायला. मी आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या किशोरीताईंकडून शिवजयंतीची लेझिमं मागून आणली. बावीस! म्हटलं, अकरा जणांनी हलवली तरी खळ्ळ-खट्याक, खळ्ळ-खट्याक, हुबेहूब गिरणी! हो, पण लाकडी दांडा आणि लोखंडी साखळी सोळा-सतरा वर्षांच्या बावीस पोरांच्या हातात दिल्यावर पुढे काय होणार, हे मला कळू नये? वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला?

बरं, अमेरिकेतली थंडी. बाहेर मस्कतचं ऊन मी म्हणतंय, आत थंडी कशी आणायची? मी एसी लावला सोळावर. खिडक्या बंद. पोरं कुडकुडायला लागली, कामगार कळवळायला लागले, लेझिमं वाजायला लागली, अहाहा, अंगावर काटा आला माझ्या! आणि तेवढ्यात टिक्. टिक्. टिक्. बघतो तर प्रताप रिमोट घेऊन एसी सोळाचा चोवीस करतोय! म्हटलं, काय चाललंय? म्हणतो, "त्या आठवड्याचं सरासरी तापमान मी काढलंय भानू, एवढी थंडी नव्हती. चुकीचा इतिहास मी शिकू देणार नाही." मी रिमोट ओढला. त्यानं ओढला. मी सोळा, तो चोवीस, मी सोळा, तो चोवीस! इंग्रजी केव्हाच संपलं, मराठी सुरू झालं, आणि मराठीतही आम्ही एकमेकांच्या घराण्यापर्यंत पोचलो. पोरांना शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. लेझिमं थांबली. आणि हा, हा मला म्हणतो, "तुझं साहित्य म्हणजे निव्वळ थापा!"

मारलं मी. हो, मारलं! खोटं कशाला बोलू तुमच्यापुढे? शेजारच्या पोराच्या हातातलं लेझीम हिसकावलं आणि ठेवून दिलं खांद्यावर, ठाण्ण! साखळी अशी वाजली... प्रतापनं फळ्यावरचा अमेरिकेचा नकाशा उपटला. तो गुंडाळायचा नकाशा असतो ना, खाली जाड लाकडी दांडा? तो दांडा आला माझ्या टाळक्यात! रक्त! शर्टावर रक्त, नकाशावर रक्त! आणि पोरांना वाटलं, यल्ला, चला, संप सुरू झाला! अकरा ह्या बाजूनं, अकरा त्या बाजूनं, बाकं उलटी, लेझिमं सुदर्शनचक्रासारखी फिरतायत, कुणाचा चष्मा गेला, कुणाचा ओठ फुटला, प्रोजेक्टर धाडकन खाली, एक रखवालदार कपाटावर चढून रडतोय, आणि त्या रणधुमाळीत प्रताप ओरडतोय, "नोट डाउन! हू थ्रू द फर्स्ट स्टोन, नोट डाउन!" अहो, माझ्या डोक्यातून धार लागलीय आणि ह्याला नोंद हवीय! वेगळं शिकवा म्हणत होतो मी, वेगळं!

चार टाके पडले. दवाखान्यात मीच सांगितलं, लेझिमावरून पाय घसरला. प्रतापनं खांद्याबद्दल सांगितलं, कपाट लागलं. बाईंनी विश्वास ठेवला. घरी ललितानं नाही ठेवला, पण तिला पोरीची बारावी दिसत होती, ती गप्प बसली. हळद-दूध दिलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

खलास, मिटलं असं मला वाटलं. पण धड्याच्या शेवटी निबंध होता! "आपल्या गिरणीतला संप, मी पाहिलेला." पन्नास गुण साहित्याचे, पन्नास इतिहासाचे, खाली आम्हा दोघांच्या सह्या आणि मग निबंध बाईंकडे. एकवीस पोरांनी शहाण्यासारखं लिहिलं, सर घसरले. एकानं तर मी दोन रखवालदारांना बगलेत मारून वाचवलं असंही लिहिलं, देव त्याचं भलं करो. आणि बाविसावी तस्नीम. मूळची सहम गावची, अल् खुवैरला मावशीकडे राहते, वर्गात कधी तोंड उघडत नाही. तिनं लिहिलं, दहा वाजून सतरा मिनिटांनी पहिला वार साहित्याच्या सरांनी केला. रिमोट, सोळा, चोवीस, खांदा, नकाशा, सगळं! आणि काय लिहिलंय हो! "दोन मोठी माणसं बाईच्या मरणावरून भांडत होती आणि बाई मेली हे दोघंही विसरली होती." वाचलं आणि मी पेपर खाली ठेवून दिला. लाज वाटली मला. खरंच वाटली. वीस वर्षांत एवढं चांगलं कुणी लिहून दिलं नव्हतं मला.

आता सांगा, काय करू? चांगले गुण दिले तर बाई नक्की वाचणार, माझा करार जाणार. कमी दिले तर मी कोण? लाठ्यावाला रखवालदारच ना? रात्रभर नाही, पण दोन कप चहा होईपर्यंत विचार केला आणि दिले सत्तेचाळीस. केली सही!

पुढे पेपर प्रतापकडे. त्यानं दिले एकोणीस! शेरा, "पुरावा नाही." गाडीत बसल्या बसल्या मी ओरडलो, "अरे पुरावा तुझ्या खांद्यावर हिरवानिळा उमटलाय की!" तर हा पुरीचा घास हातात धरून म्हणतो, "माझाही करार मार्चलाच संपतो, भानू." मी गाडी चालवली.

आणि बाईंनी वाचला की निबंध! बोलावलं आम्हाला. मी मनातल्या मनात सामान बांधलं. बाई म्हणाल्या, "व्हॉट इमॅजिनेशन! टू टीचर्स, फायटिंग ओव्हर एसी!" आणि हसतायत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतायत! मी म्हटलं, मॅम, ते... तर म्हणतात, "सो मॉडेस्ट, भानूडास!" निबंध वार्षिक समारंभात वाचायचा. आम्हा दोघांचे करार दोन वर्षांनी वाढले, सही गुरुवारी, आणि दोन्ही वर्षं आम्ही एकाच खोलीत! मी जिवंत सुटलो म्हणून आनंद मानू का पुन्हा मरणार म्हणून रडू?

आज बुधवार. मधल्या सुट्टीत तस्नीम आली. डोळे लाल. "सर, मी कल्पना केली नव्हती. सगळे म्हणतात, छान गोष्ट रचलीस. मी गोष्ट रचली नाही! हिस्टरीत मला एकोणीस पडले, पुरावा नाही म्हणून. मी पुन्हा तपासणीचा अर्ज करतेय. पुरावा जोडायचाय." आणि खिशातून फोन काढून माझ्यासमोर उभी!

समजावलं असतं तिला. मस्त समजावता येतं मला, पोटासाठीच बोलतो मी. श्वेता दिसली डोळ्यांपुढे, ललिता दिसली, गुरुवार दिसला... आणि ते सत्तेचाळीस दिसले.

काय करणार! खुर्चीत बसलो, मान खाली घातली, केस बाजूला धरले. म्हटलं, डावीकडून फोटो काढ गं बाळा, तिकडचे दोन टाके नीट दिसतात.