कणीक कुणाच्या घरची?

शुहदाचे बाबा, तोकतेमुर, सुलतानाच्या फौजेत तिरंदाज होते. त्रिपोलीच्या वेढ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशीही ते कणकेची फळी डोक्यावर घेऊन तिच्यासोबत दमास्कसच्या गल्लीतल्या, घरोघरच्या कणकेचे रोट भाजून देणाऱ्या भट्टीवर आले होते. भट्टीवाल्याने नेहमीसारखे विचारले, "कणीक कुणाच्या घरची?" तिनेही नेहमीसारखे आईच्या वडिलांचे, काझींचे नाव सांगितले. बाबा शेजारीच उभे होते.

वेढ्यावरून ते परतले नाहीत. आज फळी तिच्या डोक्यावर होती आणि रांगेत तिच्यापुढे दोन शिपाई बोलत होते.

"तोकतेमुर यायचा ती भट्टी हीच का?"

"हीच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. पुढं घोडा मिळाला, चाकर मिळाले, तरी कणीक स्वतः वाहायचा पठ्ठ्या!"

"तू चिडवलं असशीलच."

"सोडतोय होय! म्हटलं, चाचा, आज कणकेचं शिरस्त्राण? तर म्हणाला, गप रे, घरी पोर पुस्तकात असते. रांगेत तेवढी माझ्याशी बोलते."

"काय बोलायची?"

"पुस्तकातलंच. याला निम्मं कळायचं नाही, पण वेढ्यावर तंबूत आम्हाला ऐकवायचा."

"माझी लेक, माझी लेक म्हणून मिरवत असेल."

"छे! चारचौघांत काझींची नात म्हणायचा. तिला तसंच आवडतं, म्हणे."

शिपाई आपले रोट घेऊन बाजूला झाले. भट्टीवाल्याने मान वर न करताच विचारले, "कणीक कुणाच्या घरची?"

"तोकतेमुर तिरंदाजाच्या," शुहदा सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी त्यांची लेक."