चौथ्यांदा

हाडांच्या दवाखान्यात हात गळ्यात बांधून बसलेल्या मास्तरीणबाई मासिक वाचत होत्या, पण कान शेजारच्या बापलेकीकडे होते.

"बाबा, आईच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घातलीत?"

"घातली. मग विणायचं मशीन चालवणारं मॉड्यूल लोड होईना."

"दर नव्या सिस्टीमसाठी ते पुन्हा कंपाइल करायचं."

"केलं की, पण माझ्या लॅपटॉपवर. त्याचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभाच वेगळा, तिथेच घोडं पेंड खात होतं. काल तिच्याच कॉम्प्युटरवर बसून केलं."

"कितव्यांदा?"

"चौथ्यांदा."

"तिची बोटं आखडल्याला दोन वर्षं झाली, बाबा. मशीनला हात तरी लावलाय का तिने?"

"नाही."

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. आई बोटं उघडत-मिटत बाहेर आली.

"अहो, ते मशीन अजून चालतं का?"

"न चालायला काय झालंय?"

मास्तरीणबाईंनी पान उलटलं.