दहाव्याची खोली

(कऱ्हाड. कृष्णा-कोयनेच्या संगमावरची एक धर्मशाळा. डिसेंबर १९७१, उन्हे कलती.)

लालासाहेब वकील : ज्या कारणासाठी खोली राखली, ते कारण उरले नाही; म्हणून ती सोडतो आहे. यात न समजण्यासारखे काय आहे, दगडाबाई?

दगडाबाई : उरलं न्हाई म्हंजे?

लालासाहेब : वडील बरे झाले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आज उशाला टेकून बसले आणि चहात साखर कमी म्हणून माझ्यावरच डाफरले.

दगडाबाई : लय ब्येस झालं. पर मी खोली सारवली, त्यांचं नाव घिऊन चूल मांडली. आवं, तवाच म्हनलं हुतं. माणसं दहाव्याला येत्यात, खोली मागत्यात, मी देते. माणूस जित्ता असताना कुनी सांगून ठेवतं व्हय?

लालासाहेब : मी ठेवतो. आईच्या दहाव्याला ऐनवेळी आलो, तर एकही खोली रिकामी नव्हती. पिंडदान उरकेपर्यंत घरच्या बायका भर पावसात चिंचेखाली उभ्या. तो प्रसंग पुन्हा येऊ नये, एवढीच व्यवस्था मी केली. व्यवस्थेने माणूस मरत नाही.

दगडाबाई : न्हाई मरत. पर मांडलेली चूल गार ऱ्हात न्हाई.

लालासाहेब : पुरावा?

दगडाबाई : भिलवडीचं भाऊसो. चुलतीसाठी सांगून गेलं. चुलती उठून बसली, तवा तुमच्यावानीच हसत सोडाया आलं. त्याच खोलीत चुलती येऊन उतरली. भाऊसोंच्या दहाव्याला.

लालासाहेब : योगायोग. आणखी?

दगडाबाई : औंधाची बनाबाई. नवऱ्यासाठी सांगितली, लेकासाठी आली.

लालासाहेब : दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही. कित्येक जण खोली सोडून सुखाने घरी गेले असतील.

दगडाबाई : आदी सांगून ठेवनारी दोगंच. तिसरं तुमी. घरात आनखी कोन हाय?

लालासाहेब : पत्नी. सून. मुलगा, मानसिंग.

दगडाबाई : त्यो दिसला न्हाई कवा.

लालासाहेब : फौजेत आहे. सीमेवर. लढाई सुरू झाल्यापासून त्याचे पत्र नाही. तुम्ही सारख्या त्या खोलीकडे का पाहता?

दगडाबाई : धूर कुटनं येतोय ते बगते. चूल पेटवली न्हाई मी.

लालासाहेब : घाटावरचा असेल.

दगडाबाई : आसंल. वारं तिकडचं न्हाई.

लालासाहेब : दगडाबाई, केवळ वादापुरते गृहीत धरू. चूल ज्या नावाने मांडली, ते नाव बदलता येते?

दगडाबाई : ज्याचं त्यानं सोताच्या तोंडानं घ्यावं लागतं.

लालासाहेब : आणि मग घरातल्या इतर कोणाचा संबंध उरत नाही?

दगडाबाई : उरत न्हाई.

लालासाहेब : यातल्या एका शब्दावरही माझा विश्वास नाही, हे आधी स्पष्ट करतो.

दगडाबाई : करा की.

लालासाहेब : लालासाहेब आप्पासाहेब माने. ऐकले?

दगडाबाई : ऐकलं.

लालासाहेब : धूर?

दगडाबाई : बसला. आता च्या घ्या, वकीलसाहेब, आन खायला काय आवडतं तेवढं सांगून जावा. मागनं कावळा शिवंना, की माणसं माझ्याच तोंडाकडं बगत्यात.